स्पॅनिशचं व्याकरण शिकायचं, पण कुणाच्या भाषेतून?

हिवाळ्यात झाशी स्टेशनवर उतरणारे परदेशी पर्यटक झाशीत फारसे थांबत नाहीत. ते ओरछ्याला जातात, नाहीतर पुढे खजुराहोला. त्यांत स्पॅनिश बोलणारेही असतात आणि खजुराहोच्या देवळांपाशी त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणारे स्थानिक गाईडही भेटतात. ही स्पॅनिश सहसा पुस्तकातून आलेली नसते. पर्यटकांबरोबर हिंडून, ऐकून, अडखळत ती जिभेवर बसलेली असते. त्याच बुंदेलखंडातला एखादा विद्यार्थी मोबाइलवर किंवा पुस्तकातून स्पॅनिश शिकायला बसला, की त्याच्या हाती बहुधा इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं व्याकरण पडतं. गाईड बुंदेलीतून थेट स्पॅनिशमध्ये उतरतो आणि विद्यार्थी इंग्रजीला वळसा घालून तिथे पोहोचतो. या वळशात काय मिळतं आणि काय हरवतं, ते पाहायचं आहे.

झाशी इथे मुद्दाम घेतली आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे सुभेदार इथे आले, मग नेवाळकर आले. १८५४ मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा केलं. राज्य गेलं, पण मराठी घरं राहिली. गंगाधरराव आणि मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांचं लग्न १८४२ मध्ये ज्या गणेश मंदिरात लागलं, ते मंदिरही आहे. अशा घरातलं मूल आईशी मराठी बोलतं, शाळेत हिंदी आणि बाजारात कानावर बुंदेली. म्हणजे इंग्रजीची ओळख होण्याआधीच तीन व्याकरणं त्याच्या अंगवळणी पडलेली असतात. स्पॅनिशच्या पुस्तकाचा लेखक मात्र धरून चालतो की वाचणाऱ्याला एकच व्याकरण येतं आणि ते इंग्रजीचं.

हे गृहीत किती खोलवर गेलं आहे, ते एका आकड्यावरून दिसतं. स्पॅनिश सोपी भाषा आहे, सहाशे-साडेसातशे तासांत येते, असं आपल्याकडचे क्लासवालेही सांगतात. हा हिशेब अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांना कोणती भाषा शिकायला किती वेळ लागतो, याच्या अनुभवावर तो बसवलेला आहे. त्याच यादीत हिंदीला सुमारे अकराशे तास लागतात. झाशीच्या मुलाला हिंदी शिकायला अकराशे तास लागतात असं कुणी म्हणालं तर आपण हसू. स्पॅनिशचा आकडा मात्र आपण जसाच्या तसा उचलतो.

एका भाषेचं व्याकरण दुसरीच्या साच्यात ओतायची खोड जुनी आहे. अंतोनियो दे नेब्रिहा यांनी १४९२ मध्ये कास्तिलियन भाषेचं, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं, व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यासमोर नमुना होता लॅटिनचा. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने तिथल्या भाषेचं व्याकरण पोर्तुगीजमधून लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये राशोलला छापलं गेलं. लिहिणारा इंग्रज, लिहिण्याची भाषा पोर्तुगीज, साचा लॅटिनचा आणि विषय कोकणी! विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजीतून, कंपनीच्या नोकरांसाठी. दादोबा पांडुरंग तर्खडकर मराठी माणूस, व्याकरण मराठीतून लिहिलेलं, साल १८३६. तरी मांडणीवर छाप इंग्रजी व्याकरणाची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याची झडती घेतली आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं तोवर मराठीतले प्रयोग नेमके किती आणि कोणते, हा वाद चालूच होता. तो दामल्यांनंतरही मिटला नाही. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचं ऐकतं. ही गोष्ट इंग्रजीच्या साच्यात मावतच नाही.

आजची साधनं पाहू. स्पेन सरकारच्या सेर्वांतेस संस्थेचं दिल्लीचं केंद्र २००९ पासून चालू आहे. झाशीहून दिल्ली रेल्वेने साधारण चारशे किलोमीटर. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात स्पॅनिशच्या पदव्या मिळतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांमध्ये स्पॅनिशचं नाव आहे. स्पेनमध्ये छापलेली वर्गातली पाठ्यपुस्तकं पहिल्या पानापासून स्पॅनिशमध्येच असतात, मधे कोणतीही भाषा नसते. कागदावर हे उत्तम. प्रत्यक्षात मूल अडलं की शिक्षक समजावतात इंग्रजीत, घरी येऊन चाळायचं ते बट आणि बेंजामिन यांचं १९८८ पासून इंग्रजी वाचकांत मान्यता पावलेलं जाडजूड संदर्भ व्याकरण किंवा त्याची छोटी भावंडं. म्हणजे इंग्रजी पुढच्या दाराने गेली तरी मागच्या दाराने परत येते.

आता प्रत्यक्ष व्याकरण. इंग्रजी पुस्तकांत हमखास धडकी भरवणारा एक धडा असतो: ‘आवडणे’ या अर्थाचं क्रियापद गुस्तार. इंग्रजीत ‘मी कॉफी आवडतो’ अशी रचना असते, स्पॅनिशमध्ये कॉफी ही कर्ता होते. मग पुस्तक दोन पानं खर्च करून सांगतं की वाक्य उलटं करा, कॉफी मला सुखावते असं मनात म्हणा, क्रियापद कॉफीप्रमाणे चालवा. आणि स्पॅनिश वाक्य काय? ‘मे गुस्ता एल काफे.’ मला कॉफी आवडते. आंबे असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’. मला आंबे आवडतात. एकवचनाचं अनेकवचन झालं तेही आंब्यांमुळे, माझ्यामुळे नव्हे. मराठी मुलाला इथे शिकवण्यासारखं काही नाहीच. पण तो इंग्रजी पुस्तकातून शिकतो, म्हणून आधी ‘मला आवडतं’ याचं इंग्रजी करतो, मग पुस्तकाच्या सूचनेप्रमाणे ते उलटं करतो आणि जिथून निघाला होता तिथेच येऊन पोहोचतो. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. ‘मला वाटतं’, ‘मला उरले’, ‘मला कमी पडले’ या अर्थांची स्पॅनिश क्रियापदंही याच चालीची आहेत.

दुसरं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असेल तर त्याच्याआधी ‘आ’ हे अव्यय येतं. ‘बेओ ला कासा’ म्हणजे मी घर पाहतो. ‘बेओ आ मारिया’ म्हणजे मी मारियाला पाहतो. इंग्रजीत असं काही नसल्यामुळे पुस्तकं याला खास नाव देतात, चौकट आखतात, अपवादांची यादी जोडतात. मराठीत ‘घर पाहिलं’ पण ‘मारियाला पाहिलं’, हिंदीत ‘को’, बुंदेलीत ‘खों’. तिन्ही भाषांत तीच वहिवाट. साम्य इथेच थांबत नाही. ‘बुस्को उन मेदिको’ आणि ‘बुस्को आ उन मेदिको’ यांतला फरक इंग्रजीत समजावताना चांगले शिक्षकही घाम पुसतात. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात एक ठरावीक डॉक्टर हवा आहे. आता मराठीत म्हणून पाहा: ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’. गावात नवा आलेला पहिलं वाक्य म्हणेल. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात उभा असलेला दुसरं. हजारो मैल दूर असलेल्या दोन भाषा एवढ्या बारीक जागी एकसारख्या वागतात आणि आपल्या हातातल्या पुस्तकात हे सांगायला जागा नाही, कारण ते पुस्तक आपल्यासाठी नाहीच.

हातून घडलेल्या गोष्टींचंही तसंच. पेला पडला तर स्पॅनिश माणूस ‘मी पेला पाडला’ म्हणत नाही, ‘से मे कायो एल बासो’ म्हणतो. माझ्या हातून पेला पडला. हिंदीत ‘मुझसे गिलास गिर गया’. इंग्रजी पुस्तकांत ही रचना मधल्या पातळीवर, शे-दीडशे पानांनंतर येते आणि स्पॅनिश लोक जबाबदारी कशी अंगाबाहेर टाकतात अशी एखादी कोटीही तिथे असते. आपल्याकडे ती रचना चहा सांडायच्या वयापासूनची आहे.

लिंग हा इंग्रजी भाषकांचा कायमचा डोंगर. टेबल बाई का, हा त्यांचा प्रश्न. मराठीला तीन लिंगं, त्यामुळे वस्तूला लिंग असणं आपल्याला नवं नाही. झाशीच्या मराठी मुलाला तर याहून एक पाऊल पुढचं ठाऊक असतं. घरी ‘माझं पुस्तक’ आणि शाळेत ‘मेरी किताब’, अगदी ‘मेरी पुस्तक’सुद्धा. लिंग वस्तूत नसतं, भाषेत असतं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि स्पॅनिशमधलं पुल्लिंगी ओकारान्त, स्त्रीलिंगी आकारान्त ही जोडी? बुंदेलीत विशेषणं ‘कारो, कारी’, ‘बड़ो, बड़ी’ अशी चालतात. स्त्रीलिंगी शेवट वेगळा, पण पुल्लिंगी तोच. पुल्लिंगी ‘ओ’ झाशीच्या बाजारात दिवसभर ऐकू येतो. मराठीचं नपुंसकलिंग तर भलत्याच ठिकाणी कामाला येतं. स्पॅनिशमध्ये नामांना नपुंसकलिंग उरलं नाही, पण ‘लो’ हा नपुंसक शब्द उरला: ‘लो बुएनो’. इंग्रजीत त्याचं ‘चांगली गोष्ट’, ‘चांगला भाग’ असं काहीबाही करावं लागतं. मराठीत सरळ ‘चांगलं ते’ म्हटलं की झालं.

स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत, पूर्ण झालेल्या घटनेचा आणि चालू असलेल्या किंवा नित्य घडणाऱ्या गोष्टीचा. उदाहरण झाशीचंच घेऊ. विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीतच अडकले होते. त्यांनी पंचविसेक वर्षांनी ‘माझा प्रवास’ लिहिला, तो १९०७ मध्ये छापला गेला. त्यात राणीची दिनचर्या येते, पहाटेचा व्यायाम येतो, मल्लखांब येतो. ही दिनचर्या सांगताना कुणीही मराठी माणूस ‘उठत असत’, ‘करीत असत’ असंच लिहिणार आणि तोफा सुरू झाल्या की क्रियापदं आपोआप ‘झाल्या’, ‘पडलं’, ‘निघाल्या’ अशी होणार. स्पॅनिशमध्ये पहिल्या जातीला ‘से लेबान्ताबा’, दुसरीला ‘एम्पेसारोन’. आपले ‘बोलत होतो’, ‘बोलायचो’ आणि ‘बोलत असे’ हे तिन्ही स्पॅनिशच्या एकाच रूपात मावतात, एवढाच फरक. इंग्रजी पुस्तकांत इथे आणखी एक तक्ता असतो, भूतकाळ बदलला की अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांचा. ‘साबीआ’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं. तक्ता पाठ करायची गरज नाही. माहीत असणं आणि कळणं यांतला फरक मराठीत मुळातच आहे.

इच्छार्थाच्या बाबतीत हिंदी मराठीवर मात करते, हे मान्य करायला हवं. ‘किएरो के बेंगास’ याचं हिंदी ‘चाहता हूँ कि तुम आओ’, शब्दाला शब्द. मधला ‘के’ आणि आपला ‘कि’ एकाच जागी बसतात, ‘आओ’चं रूपही त्याच जातीचं. मराठीत ‘तू यावंस असं वाटतं’ म्हणावं लागतं, अर्थ बरोबर असतो पण बांधणी फिरते. ‘तो येईल असं मला वाटत नाही’ इथे तर मराठी सरळ भविष्यकाळ वापरते आणि स्पॅनिशला मात्र इच्छार्थच हवा असतो. इथे मराठीवर विसंबणारा पडणार. ‘उस्तेद’ हे आदरार्थी सर्वनाम तृतीयपुरुषी क्रियापद घेतं, हे इंग्रजी विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटतं. ‘आप हैं’ म्हणणाऱ्याला वाटायचं कारण नाही.

‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. इंग्रजी पुस्तकांचा ठरलेला नियम असा की कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडतो. झाशी उत्तर प्रदेशात आहे, आणि ती कुठे जाणार नाही, तरी एस्तार. माणूस मेला आहे, याहून कायमचं काय असणार, तरीही ‘एस्ता मुएर्तो’. मराठीतही दोघांना एकच ‘आहे’, त्यामुळे आयतं उत्तर आपल्याकडेही नाही. ‘आंबा गोड असतो’ आणि ‘हा आंबा गोड आहे’ ही जोडी सेर आणि एस्तारशी जुळते खरी, पण ‘मी डॉक्टर आहे’ इथे सेर लागतो आणि मराठी कधी ‘असतो’ म्हणत नाही. मी दोन कसोट्या सुचवीन. वाक्यात ‘झालंय’ घालून अर्थ टिकत असेल, तर एस्तार: सूप गार आहे, गार झालंय, दार बंद आहे, बंद झालंय. ‘तो मेलाय’ही याच रांगेत बसतो. आणि जागेबद्दल बोलताना ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ चालत असेल, तर सेर. ‘लग्न गणेश मंदिरात आहे’ यात सेर, ‘गणेश मंदिर झाशीत आहे’ यात एस्तार. सगळी वाक्यं या दोन चाळण्यांतून जाणार नाहीत, पण कायमचं-तात्पुरतं या चाळणीपेक्षा कमी गळती होईल.

आपल्या भाषा जिथे पाय ओढतात त्या जागाही कमी नाहीत. ‘मी चिठ्ठी लिहिली, मी पत्रं लिहिली’ असं भूतकाळात कर्माच्या मागे धावायची आपल्याला सवय. स्पॅनिशमध्ये क्रियापद कर्त्याला सोडत नाही. एक चिठ्ठी असो वा दहा, ‘एस्क्रिबी’. गंमत म्हणजे मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये संयुक्त भूतकाळातलं कृदन्त कर्माप्रमाणे बदलत असे. ती सवय त्या भाषेने टाकली, आपण ठेवली. मराठी मुलगी ‘मी बोलते’ म्हणते, स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ म्हणताना ती उगाच स्त्रीलिंगी रूप शोधते. ते क्रियापदात नाहीच, ‘एस्तोय कान्सादा’सारख्या विशेषणात सापडतं. मराठीत मालकीसाठी वेगळं क्रियापद नाही, मला दोन भाऊ ‘आहेत’. स्पॅनिशला तेनेर लागतं आणि भूकसुद्धा ‘लागत’ नाही, बाळगावी लागते. मालकीच्या बाबतीत इंग्रजी आपल्या कामी येते. शब्दांच्या बाबतीत तर तिचे उपकार मोठे आहेत. लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेले हजारो इंग्रजी शब्द जरासे मुरडले की स्पॅनिश होतात आणि वर्तमानपत्राचा मथळा पहिल्याच महिन्यात उलगडतो. खजुराहोच्या गाईडला हे भांडवल नसतं. शब्द इंग्रजीतून घ्यावेत आणि वाक्य मराठी-हिंदीतून बांधावं, अशी वाटणी मला रास्त वाटते.

उच्चारांबद्दल थोडक्यात. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, आपल्यासारखे. रोमन लिपीतून शिकणारा मराठी माणूस त्यांचे ‘ट’ आणि ‘ड’ करून टाकतो. स्वतःच्या वहीत देवनागरीत लिहून घेणारा करत नाही. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, या दोन ‘र’ची तालीम मात्र कोणत्याही लिपीत करावीच लागते.

एके काळी मराठी माणूस इंग्रजी शिकला तो दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. तिच्यात चुका होत्या, वाक्यं कृत्रिम होती, पण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: शिकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून मराठी आहे. स्पॅनिशसाठी असं पुस्तक कुणी मराठीत किंवा हिंदीत लिहायला घेतलं तर धड्यांचा क्रमच बदलेल. गुस्तार पहिल्या धड्यात येईल, अर्ध्या पानात. कर्माआधीचा ‘आ’ दुसऱ्यात, ‘से मे कायो’ तिसऱ्या-चौथ्यात. दोन भूतकाळांना एक धडा पुरेल. कर्माप्रमाणे क्रियापद बदलायची सवय मोडणारा धडा इंग्रजी पुस्तकांत नसतोच, त्यासाठी भरपूर स्वाध्याय द्यावे लागतील. सर्वनामं क्रियापदाला चिकटतात त्या ‘दामेलो’सारख्या रूपांना बऱ्यापैकी पानं लागतील. आणि एल, ला, लोस, लास ही उपपदं, जी मराठीत नाहीत, हिंदीत नाहीत, आणि इंग्रजीत असून वेगळ्या नियमांनी चालतात, त्यांच्यासाठी तीन धडे ठेवावेत. तेही कमीच पडतील.